अमेरिकेतली गुलामगिरी: चालली कशी आणि तुटली कशी

अब्राहम लिंकनने गुलामांना मुक्त केलं, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते खोटं नाही. पण तेवढ्यावर थांबलं की चाळीस लाख माणसं गोष्टीतून गायब होतात. जणू ती सगळी हात जोडून वाट बघत बसली होती आणि एके दिवशी वरून हुकूम आला. माझं म्हणणं असं की गुलामगिरीवर सगळ्यात जास्त घाव घातले ते खुद्द गुलामांनीच. पळून जाऊन, चोरून लिहा-वाचायला शिकून, भर सभेत आपली हकीकत सांगून आणि शेवटी लष्कराचा गणवेश चढवून. लिंकनचं काम मोठं आहेच, पण तो बराच उशिरा आला, आणि आला तोही मागच्या रेट्यामुळे. तो रेटा समजायचा तर आधी गुलामगिरीचा व्यवहार चालायचा कसा, हे बघावं लागेल.

माणूस मालमत्ता कसा झाला

१६१९ साली व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत पॉइंट कम्फर्ट नावाच्या ठिकाणी वीसेक आफ्रिकी माणसं जहाजातून आणून विकली गेली. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. सुरुवातीला या माणसांचा दर्जा काय, हे कायद्यात नीट ठरलेलं नव्हतं. मग वसाहती एकेक कायदा करत गेल्या आणि दोर आवळत गेला. त्यातला सगळ्यात दूरगामी कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला: मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. इंग्रजांच्या रिवाजात मूल बापाचं असायचं, इथे मुद्दाम उलटं केलं. याचा अर्थ मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि तिला मूल झालं, तर ते मूल त्याचा वारस नाही, त्याच्या गुलामांत पडलेली भर. अत्याचाराला शिक्षा तर सोडाच, वर नफा. हा एक कायदा नीट समजला तर बाकीची व्यवस्था आपोआप समजते.

गुलामाचं लग्न कायद्याला मान्य नव्हतं, त्यामुळे नवरा-बायकोची ताटातूट करायला कुठलाच अडथळा नव्हता. गोऱ्या माणसाविरुद्ध त्याची साक्ष चालायची नाही. त्याला गहाण ठेवता यायचं, भाड्याने देता यायचं, मालक मेला की वाटणीत देता यायचं, मालक कर्जबाजारी झाला की जप्त करून विकता यायचं.

१७८७ मध्ये स्वतंत्र अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांनी तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही. एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर तो परत द्यावा लागेल. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार, आणि ती मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. गुलामाला मत नाही, पण त्याच्या मोजणीवर मालकाच्या राज्याला जादा जागा. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही याच हिशोबाने वजन वाढायचं. पहिल्या सोळा राष्ट्राध्यक्षांपैकी दहा जण आयुष्यात कधी ना कधी गुलामांचे मालक होते, हे उगाच नाही.

कापूस

अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी अनेकांना वाटत होतं की गुलामगिरी हळूहळू आपोआप संपेल. तंबाखूने व्हर्जिनियाच्या जमिनी थकल्या होत्या, उत्तरेतली राज्यं एकामागून एक गुलामगिरी बंद करायला लागली होती. मग १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. आखूड धाग्याच्या कापसातून सरकी हाताने सोडवणं किती किचकट, हे वऱ्हाड-खानदेशातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. दिवसभर बसून एका माणसाकडून जेमतेम पाव-अर्धा किलो रुई निघायची. यंत्राने ते काम झटक्यात व्हायला लागलं.

यंत्र आलं की मजूर कमी लागतात असं आपण धरून चालतो. इथे उलटं झालं. सरकी यंत्राने निघाली, पण पेरणी, निंदणी आणि वेचणी हातानेच करायची होती, आणि आता कितीही कापूस पिकवला तरी विकला जाणार होता, कारण इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक संपत नव्हती. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत ३९,५३,७६०. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, म्हणजे ही जवळपास सगळी वाढ तिथेच जन्मलेल्या मुलांची. व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या नव्या कापूसपट्ट्यात गुलाम नेऊन विकणं हाच एक मोठा धंदा झाला. साधारण १० लाख माणसं अशी हलवली गेली, कित्येक पायी, साखळीने एकमेकांना बांधून. मळ्यावर रोज संध्याकाळी प्रत्येकाची वेचणी काट्यावर तोलली जायची आणि कमी भरली की चाबूक.

१८६० पर्यंत अमेरिकेच्या एकूण निर्यातीपैकी निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची होती. गुलामांची बाजारातली किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखाने मिळून जेवढे भांडवल होते त्याहून जास्त. यात फक्त दक्षिणेचेच लोक होते असंही नाही. न्यूयॉर्कच्या बँका या मळ्यांना कर्ज देत होत्या, विमा कंपन्या गुलामांच्या जिवाचा विमा मालकाच्या नावाने उतरवत होत्या. अशा व्यवस्थेला 'ही वाईट गोष्ट आहे, सोडून द्या' असं सांगून ती सुटणार नव्हती.

आकड्यांतून हे सगळं कळतं, पण जाणवत नाही. म्हणून एक लिलाव जरा जवळून बघू.

पियर्स बटलर हा फिलाडेल्फियात राहणारा श्रीमंत माणूस. त्याचे मळे जॉर्जियात होते, भाताचे आणि कापसाचे. जुगार आणि शेअरबाजारात तो पार बुडाला. देणेकऱ्यांना पैसे द्यायला त्याने आपल्या वाटणीचे गुलाम विकायला काढले. २ आणि ३ मार्च १८५९ रोजी सव्हाना शहराजवळच्या रेसकोर्सवर लिलाव झाला. यादीत ४३६ माणसं होती, प्रत्येकाला क्रमांक, पुढे वय आणि काम. आधीचे काही दिवस त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. गिऱ्हाइकं येऊन त्यांची तोंडं उघडून दात बघायची, दंड दाबून बघायची, चालवून बघायची. दोन्ही दिवस धो धो पाऊस पडत होता.

न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार गिऱ्हाईक बनून तिथे आला होता, म्हणून आपल्याला जेफ्री माहीत आहे. क्रमांक ३१९, वय २३. तो १,३१० डॉलरला गेला. त्याचं डॉर्कस नावाच्या मुलीवर प्रेम होतं आणि तिची बोली दुसऱ्या दिवशी होती. तो टोपी हातात घेऊन नव्या मालकापुढे उभा राहिला आणि तिलाही विकत घ्या म्हणून विनवू लागला. ती तगडी आहे, भाताच्या कामाला एक नंबर आहे, बाराशे डॉलरला घेतली तर तुम्हाला फायदाच होईल, असं तो सांगत होता. आपलं माणूस जवळ राहावं म्हणून त्याला त्याच माणसाचा भाव सांगावा लागत होता. मालक तयारही झाला. पण दुसऱ्या दिवशी डॉर्कस एकटी न येता चार जणांच्या कुटुंबासकट बोलीला आली. चार जण घ्यायची मालकाची तयारी नव्हती. ती दुसरीकडे गेली. लिलावात तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि बटलरने विकलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक डॉलरची नवी नाणी ठेवली.

विरोध कुणी सुरू केला

गुलामगिरीविरोधी चळवळ म्हटलं की बोस्टनचे गोरे सुधारक आठवतात. त्यांचं काम मोठं आहे, त्यावर येतोच. पण त्यांच्या आधी उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी पाया घातला होता.

१८१६ मध्ये काही बड्या गोऱ्या मंडळींनी एक संस्था काढली. स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं, हा तिचा उद्देश. लायबेरिया हा देश त्यातूनच उभा राहिला. वरकरणी दयाळू दिसणारी ही योजना ऐकून जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय जमले आणि त्यांनी ती एकमुखाने फेटाळली. आमच्या बापजाद्यांनी ही जमीन कसली, आम्ही इथलेच, आणि गुलामीत अडकलेल्या आमच्या भाऊबंदांना मागे टाकून आम्ही जाणार नाही, ही त्यांची भूमिका. १८२९ मध्ये बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिड वॉकर यांनी एक जळजळीत पुस्तिका छापली आणि गुलामांना सरळ उठावाची हाक दिली. खलाशांच्या हाती ती दक्षिणेच्या बंदरांत पोचली, तेव्हा जॉर्जियासारख्या राज्यांनी असं साहित्य बाळगण्याविरुद्ध घाईघाईने कायदे केले.

१ जानेवारी १८३१ रोजी विल्यम लॉइड गॅरिसन या तरुण गोऱ्या मुद्रकाने बोस्टनमध्ये 'लिबरेटर' साप्ताहिक सुरू केलं. त्याची मागणी एकच: तात्काळ मुक्ती, मालकांना भरपाई नाही, आफ्रिकेत पाठवणं नाही. त्याचे सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार कृष्णवर्णीयच होते, त्यांच्याच पैशावर ते पहिली वर्षं तगलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने उठाव केला, पन्नासहून जास्त गोरे मारले गेले आणि सूडात त्याहून कितीतरी जास्त कृष्णवर्णीय. दक्षिणेने यातून एकच धडा घेतला: गुलामांना वाचायला शिकवणं धोक्याचं आहे. बऱ्याच राज्यांनी तो गुन्हा ठरवला किंवा आधीचे कायदे आणखी कडक केले.

उत्तरेत गुलामगिरी नव्हती म्हणजे तिथे या चळवळीचं स्वागत झालं, असं समजू नका. १८३५ मध्ये बोस्टनच्या जमावाने गॅरिसनला दोरीने बांधून रस्त्यातून ओढलं. १८३७ मध्ये इलिनॉयच्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हा संपादक आपला छापखाना वाचवताना गोळी लागून मेला. १८३८ मध्ये फिलाडेल्फियात चळवळीने वर्गणी काढून एक भव्य सभागृह बांधलं, उद्घाटनानंतर चार दिवसांच्या आत जमावाने ते जाळून टाकलं. तिथल्या शेवटच्या सभांपैकी एकीत अँजेलिना ग्रिम्के बोलत होत्या. त्या आणि त्यांची बहीण सारा या दक्षिण कॅरोलिनातल्या गुलामांच्या मालकाच्या मुली. घरात डोळ्यांनी पाहिलेलं त्या सांगायच्या, बाहेर दगड पडत असतानाही.

बायकांनी या चळवळीत एक चिवट काम केलं, त्याची आठवण फारशी काढली जात नाही. दारोदार फिरून अर्जांवर सह्या गोळा करणं. मताचा हक्क नव्हता, पण सरकारकडे अर्ज करायचा हक्क होता. काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, इतके अर्ज गेले की १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने नियमच केला: गुलामगिरीवरचा अर्ज वाचायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही. हा नियम १८४४ पर्यंत टिकला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा साधे प्रतिनिधी होते, ते आठ वर्षं त्याविरुद्ध भांडत राहिले. याचा एक परिणाम असा झाला की ज्या गोऱ्यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाही वाटू लागलं की या मळेवाल्यांपायी आपलाच आवाज दाबला जातोय.

पळून आलेली माणसं

चळवळीला खरी धार आली ती पळून आलेल्या माणसांमुळे. दक्षिणेचे पुढारी सांगायचे की आमचे गुलाम सुखात आहेत, आम्ही त्यांना लेकरांसारखं सांभाळतो. त्याला उत्तर म्हणून पाठीवरचे वळ घेऊन एक माणूस व्यासपीठावर उभा राहिला की वाद संपायचा.

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म मेरीलँडमध्ये, १८१८ च्या सुमारास. लहानपणी बॉल्टिमोरला ज्या घरी होते तिथल्या मालकिणीने त्यांना अक्षरओळख करून दिली. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद पाडलं, वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही असं बजावून. डग्लस यांनी पुढे लिहिलंय की ते ऐकूनच त्यांना सुटकेची वाट कळली. गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना घरातला पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकायची, असं करत ते वाचायला शिकले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचे कपडे घालून, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची उसनी कागदपत्रं खिशात ठेवून ते गाडीत बसले. कागदावरचं वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हतं, तपासनिसाने नीट पाहिलं असतं तर सगळं संपलं असतं. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोचले. या प्रवासाला पैसे पुरवले ते ॲना मरे यांनी, त्या लोकांच्या घरी कामाला होत्या. पुढे दोघांचं लग्न झालं.

डग्लस बोलायला लागले की लोक म्हणायचे, हा इतकं चांगलं बोलतो, हा गुलाम असूच शकत नाही. म्हणून १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, मालकाच्या आणि गावाच्या नावानिशी. ते छापून आल्यावर त्यांना पकडलं जायची भीती इतकी वाढली की ते ब्रिटनला गेले, आणि तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून मालकाला पैसे देऊन त्यांची कायदेशीर सुटका विकत घेतली.

हेन्री ब्राउन यांची बायको आणि मुलं रिचमंडमध्ये विकली गेली. १८४९ मध्ये त्यांनी स्वतःला तीन फूट लांबीच्या लाकडी खोक्यात बंद करून घेतलं आणि फिलाडेल्फियाला पार्सल म्हणून पाठवून घेतलं. २७ तास, त्यातला काही वेळ डोकं खाली पाय वर. हॅरिएट टबमन त्याच वर्षी मेरीलँडमधून निसटल्या, पण त्या परत गेल्या. साधारण तेरा खेपा करून त्यांनी सुमारे सत्तर जणांना बाहेर काढलं. या गुप्त वाटांना 'भूमिगत रेल्वे' म्हणत, पण तिथे ना रूळ होते ना बोगदे. होती ती माणसं. कुणी रात्रभर कोठीत जागा देणारं, कुणी गाडीवरून पुढच्या गावी सोडणारं.

फिलाडेल्फियात हे काम विल्यम स्टिल बघायचे. येणाऱ्या प्रत्येकाची हकीकत ते लिहून ठेवत. १८५० मध्ये अलाबामाहून आलेला एक पन्नाशीचा माणूस त्यांच्यासमोर बसून आईबापांची नावं सांगू लागला. लहानपणीच ताटातूट झाली होती, आता त्यांना शोधायचं होतं. ती नावं विल्यम यांच्याच आईबापांची होती. समोर बसलेला त्यांचा सख्खा भाऊ, ज्याला आई पळताना मागे ठेवून आली होती. त्यानंतर स्टिल नोंदी आणखी काळजीने ठेवू लागले, कारण त्या नोंदींवरून आणखी कुणाचं तरी घर जुळू शकत होतं.

उत्तरेत पोचलेल्यांची संख्या चाळीस लाखांच्या मानाने थोडीच होती. तरी मालक इतके का चिडले? कारण पळालेला प्रत्येक माणूस उत्तरेतल्या लोकांपुढे एक प्रश्न टाकत होता: मी तुमच्या दारात उभा आहे, मला पकडून देणार का?

१८५० च्या कायद्याने हा प्रश्न सक्तीचा केला. पळालेल्या गुलामाला पकडायला मदत करणं आता उत्तरेतल्या माणसालाही बंधनकारक झालं. आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने बोलायचीही मुभा नाही. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने माणूस मालकाला परत दिला तर त्याला दहा डॉलर फी, सोडून दिला तर पाच. कारण काय, तर परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात.

१८५४ मध्ये बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला पकडलं. जमावाने न्यायालयाच्या दारावर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मेला. शेवटी लष्कराच्या पहाऱ्यात, संगिनी रोखून, एका माणसाला जहाजापर्यंत नेलं. रस्त्याच्या दुतर्फा सुमारे पन्नास हजार लोक उभे होते आणि घराघरांवर काळं कापड टांगलेलं होतं. कालपर्यंत चळवळीपासून चार हात लांब राहणारे व्यापारी त्या दिवशी बदलले. पुढे १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाने आपल्या सुटकेसाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस, स्वतंत्र असला तरी, अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही. १८५९ मध्ये जॉन ब्राउन या गोऱ्या क्रांतिकारकाने गुलामांचा उठाव घडवायला व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. तो फसला, त्याला फाशी झाली. समेटाचे मार्ग एकेक करून बंद होत चालले होते.

युद्ध, आणि तीन माणसांची होडी

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावणार नाही, फक्त नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढीच त्याची भूमिका. दक्षिणेला तेवढंही चालणार नव्हतं. अकरा राज्यं फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं. हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं असं आजही सांगितलं जातं. मिसिसिपीने फुटताना काढलेला जाहीरनामा वाचावा. आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं त्यात सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलंय.

लिंकनही सुरुवातीला हे युद्ध देश एकसंध ठेवण्यासाठी आहे, असंच म्हणत होता. त्या धोरणाला पहिला तडा दिला तीन गुलामांनी. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड यांना बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चे खणायला लावलं होतं. मे १८६१ मध्ये एका रात्री ते होडी वल्हवत उत्तरेच्या ताब्यातल्या मनरो किल्ल्यावर गेले. हा किल्ला पॉइंट कम्फर्टवरच आहे, १६१९ मध्ये जिथे पहिली माणसं उतरवली होती तिथे.

दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन बंडखोरांचा अधिकारी आला आणि १८५० च्या कायद्याप्रमाणे गुलाम परत मागू लागला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर (लिलाववाल्या बटलरशी याचा संबंध नाही) पेशाने वकील होता. त्याने सांगितलं, तुम्हीच म्हणता व्हर्जिनिया आता वेगळा देश आहे, मग अमेरिकेचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? आणि शत्रूच्या युद्धकामात वापरली जाणारी मालमत्ता मी जप्त करू शकतो. बटलर काही गुलामगिरीचा कट्टर विरोधक नव्हता. त्याला फक्त शत्रूचे मजूर तोडायचे होते. पण बातमी पसरली आणि दोन-चार दिवसांत डझनावारी, काही आठवड्यांत शेकड्यांनी माणसं येऊ लागली, बायका-पोरं, म्हातारेकोतारे सुद्धा. जिथे जिथे उत्तरेचं सैन्य गेलं तिथे हेच झालं. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे पाच लाख लोक निसटून आले असा अंदाज आहे. सरकारला निर्णय टाळणं अशक्य झालं.

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा या पार्श्वभूमीवर वाचला की त्याची विचित्र वाटणारी रचना कळते. तो फक्त बंडखोर प्रदेशातल्या गुलामांना लागू होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरीची राज्यं उत्तरेसोबत राहिली होती, तिथल्या गुलामांना तो लागू नव्हता. काही जण यावरून लिंकनला ढोंगी म्हणतात. मला ते पटत नाही. शांततेच्या काळात राष्ट्राध्यक्षाला कुणाची मालमत्ता काढून घेता येत नव्हती, आणि कायद्याच्या लेखी गुलाम म्हणजे मालमत्ता. सरसेनापती म्हणून शत्रूची मालमत्ता मात्र घेता येत होती. बटलरने किल्ल्यावर जी युक्ती काढली, तीच लिंकनने सगळ्या बंडखोर प्रदेशाला लावली. त्याच जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याचं दार उघडलं. सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले, त्यातले बरेचसे कालपर्यंतचे गुलाम. डग्लस यांची दोन मुलंही त्यात होती. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, यांना कपड्याचे कापून हातात सात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने समान पगार मिळेपर्यंत तो घ्यायलाच नकार दिला, लढणं मात्र थांबवलं नाही.

या युद्धाची झळ आणि झगमग आपल्याकडेही पोचली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या आणि शेअर निघू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका-कंपन्या धडाधड बुडाल्या. त्या बातमीचा दुसरा अर्थ जोतीराव फुले यांनी पुण्यात बसून घेतला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी हाच कित्ता गिरवावा, अशी आशाही त्यांनी तिथेच लिहिली. लढ्याकडे पाहण्याची ही दृष्टी मला आजही थक्क करते.

कायदा झाला, पुढे काय

जाहीरनामा युद्धकाळातला हुकूम होता, युद्ध संपल्यावर न्यायालयाने तो रद्द ठरवला असता तर? म्हणून घटनाच बदलायची ठरली. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात तेरावी दुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि ६ डिसेंबर १८६५ रोजी पुरेशा राज्यांची संमती मिळाली. केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी त्या दिवशीच संपली. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला लष्कराने मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला तो १९ जून १८६५ रोजी, जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी.

मोकळी झालेली माणसं पहिल्यांदा काय करू लागली? चालू लागली. विकल्या गेलेल्या बायका, नवरे, पोरं शोधायला. चर्चमध्ये वाचून दाखवायच्या वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या: अमक्या मालकाकडे होतो, तमक्या साली आईला अमुक व्यापाऱ्याने नेलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. वीस-वीस, तीस-तीस वर्षांनंतरही अशा जाहिराती येत होत्या.

जमीन मात्र मिळाली नाही. युद्धाच्या शेवटी जॉर्जिया-दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर काही हजार कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन कसायला दिली होती. लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत केली. मग त्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबायचं आणि त्याच मालकाच्या दुकानात उधारी वाढवत राहायचं, हा नवा फास बसला.

आणि तेराव्या दुरुस्तीतच एक खिडकी उघडी राहिली होती. गुलामगिरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल, असं तिच्यात म्हटलंय. दक्षिणेच्या राज्यांनी ही खिडकी लगेच हेरली. १८६५ संपायच्या आत मिसिसिपीने कायदा केला की कृष्णवर्णीय माणसाकडे दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा हवा, नसेल तर भटकेपणाचा गुन्हा, दंड भरता आला नाही तर दंड भरणाऱ्याकडे राबायचं. पुढे तुरुंगच्या तुरुंग खाणी, रेल्वे आणि मळ्यांना भाड्याने दिले जाऊ लागले. विकत घेतलेल्या गुलामाला मालक निदान पैसे गुंतलेत म्हणून जगवायचा, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली.

अलीकडे काही राज्यांनी ही सवलत आपापल्या राज्यघटनेतून काढायला सुरुवात केली आहे. कोलोरॅडोने २०१८ मध्ये, नेब्रास्का आणि युटाने २०२० मध्ये, आणि २०२२ मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगन, व्हरमॉन्ट या चार राज्यांच्या मतदारांनी ती काढली. त्याच वर्षी लुइझियानाच्या आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी असा बदल नाकारला. केंद्राच्या घटनेतली ती ओळ अजून जशीच्या तशी आहे.